जन्मसाल खरं लिहा

आकुर्डीतल्या घरांचं घड्याळ कंपनीच्या पाळ्यांवर चालतं. फर्स्ट शिफ्टवाला उजाडायच्या आत बसस्टॉपवर उभा असतो, सेकंडवाला मध्यरात्रीपर्यंत घरी येत नाही आणि थर्ड करून आलेला सकाळी नऊला पडदे ओढून झोपतो. बजाज ऑटोनं २००७ मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं, पुष्कळसं काम चाकणकडे सरकलं, पण घड्याळ तेच राहिलं. उलट चाकण-तळेगावच्या बसचा प्रवास त्यात वाढला. भरीला गुरुवार आहेच. औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी वर्कशॉपांची सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. बाप घरी असतो त्या दिवशी मूल शाळेत आणि मूल घरी असतं तेव्हा बाप मशीनवर. आता बहुतेक घरांत आईही कामावर जाते.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेवरचे बरेच सल्ले असं गृहीत धरतात, की संध्याकाळी सात वाजता सगळं कुटुंब एका सोफ्यावर बसलेलं असतं. ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ हे वाक्य त्या सोफ्यावरून लिहिलेलं आहे. इथे लक्ष ठेवायला दुपारी घरी कोणी नसतं, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो. म्हणून या प्रकरणात मी सुरुवात दुसऱ्याच टोकाकडून करणार आहे. फोन वापरणारं माणूस मूल आहे, हे फोनला माहीत आहे का?

बहुतेक घरांत माहीत नाही. त्याचं कारण २०२० मध्ये सापडतं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनपासून वर्ग फोनवर भरू लागले आणि घरातला एकुलता एक चांगला फोन, बहुधा मम्मीचा, मुलाच्या हातात गेला. त्यावर तिचं गूगल खातं, तिचं व्हॉट्सॲप, तिचं यूपीआय. शाळा पुन्हा भरल्या, पण फोनवरचा मुलाचा हक्क काही परत गेला नाही. चौथीतला मुलगा दुपारभर त्यावर व्हिडिओ बघतो आणि यूट्यूबची समजूत होते, की ३८ वर्षांच्या एका बाईंना अचानक डायनोसॉर आणि मारामारीचे गेम आवडू लागलेत. मग ते तिला पुढचा व्हिडिओ दाखवतं तो ३८ वर्षांच्या माणसाला दाखवावा तसा. जाहिराती तशाच. चॅटमध्ये येणारी अनोळखी माणसंही तशीच.

देहूहून निघालेल्या तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या दिवशी रस्त्यावर मुंगीला जागा नसते आणि तरीही लोक लेकरांना घेऊन दर्शनाला जातात. हात सुटला तरी सहसा अनर्थ होत नाही, कारण रडणारं पोर दिसलं की कोणीतरी थांबतं, वारकरी बाई जवळ घेते, पोलीस माइकवरून नाव पुकारतात. गर्दीला ते मूल आहे हे दिसतं, म्हणून हे सगळं होतं. आईच्या खात्यावरून इंटरनेटवर गेलेलं मूल मात्र त्या गर्दीत मोठ्या माणसाच्या अंगरख्यात फिरत असतं. त्याच्यासाठी कोणी थांबत नाही.

मुलाचं स्वतःचं खातं असतं तिथे दुसरा घोटाळा होतो. इन्स्टाग्रामचं किमान वय १३, व्हॉट्सॲपचंही १३. दहा वर्षांच्या मुलीला खातं हवं असतं. सुट्टीत गावी गेल्यावर मामेभाऊ ते दोन मिनिटांत काढून देतो. जन्मसाल विचारलं की बोट चाकावरून सर्रकन खाली जातं आणि कुठेतरी २००० च्या आसपास थांबतं. आपण शेजारी बसून हसतो. कधीकधी तर ते साल आपणच टाकतो. हे साल तिथंच गोठतं. मुलगी १३ वर्षांची होते तेव्हा ॲपच्या हिशेबानं ती पंचविशीत असते.

आता हे नुसतं नियमभंगाचं प्रकरण राहिलेलं नाही, कारण अलीकडे कंपन्यांनी दिलेली बहुतेक संरक्षणं या एका आकड्याला बांधलेली आहेत. इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती आणली, भारतात ती फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. १३ ते १७ वयाच्या मुलाचं खातं आपोआप खासगी होतं. ज्यांच्याशी आधीच ओळख जोडलेली आहे तेच मेसेज पाठवू शकतात. तासभर झाला की ॲप उठायची आठवण करतं आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचनांचा आवाज बंद राहतो. १६ वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. हे काही अभेद्य नाही. पण फुकट मिळणारं आहे आणि आई-वडील कामावर असतानाही चालू राहतं. जन्मसाल २००० असेल तर यातलं काहीच मिळत नाही.

कायद्याचंही तसंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्यांच्या वागण्याचा माग काढायचा नाही, त्यावरून बेतलेल्या जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना अंमलासाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली. ऑस्ट्रेलियानं तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातंच ठेवायची मनाई केली, आणि वय तपासायची जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. चूक केली तर दंड जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मला यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आज तरी खातं उघडताना मामेभावानं टाकलेलं साल बहुतेक ठिकाणी निमूट मान्य होतं.

म्हणून पहिलं काम हे. लहान मूल, म्हणजे १३ वर्षांखालचं, असेल तर त्याला गूगलचं स्वतःचं खातं काढून द्या, खऱ्या जन्मतारखेसह, आणि ते फॅमिली लिंक या मोफत ॲपनं आपल्या खात्याला जोडा. कोणतं ॲप उतरवायचं, दिवसाला किती वेळ, रात्री फोन किती वाजता बंद व्हायचा, हे मग तुमच्या फोनवरून ठरतं. अडचण एकच: आईच्या चालू फोनवर हे नीट बसत नाही. घरात पडलेला जुना फोन असेल तर तो पूर्ण पुसून, फॅक्टरी रीसेट करून, मुलाच्या खात्यानं नव्यानं सुरू करावा. त्यात सिम नसलं तरी चालतं, घरच्या वायफायवर भागतं. आईचाच फोन द्यायचा असेल तर काही फोनांत दुसरा वापरकर्ता तयार करायची सोय असते. सगळ्यांत नसते, सेटिंगमध्ये शोधून बघावं लागतं. तीही नसेल तर निदान लहानांना यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स द्यावं आणि व्हॉट्सॲप, यूपीआय, फोटो यांना वेगळं कुलूप घालावं.

चाकणच्या बऱ्याच कारखान्यांत शॉप फ्लोअरवर फोन नेता येत नाही. तो लॉकरमध्ये राहतो. दुपारी अडीचला मुलगा एखादं ॲप मागतो आणि परवानगीची विनंती आईच्या लॉकरमध्ये शिफ्ट सुटेपर्यंत वाजत राहते. मुलं यावर वैतागतात. पण ज्या ॲपसाठी दुपारी जीव जात होता ते रात्री आठवतही नाही, असंही पुष्कळदा होतं.

मोठ्या मुलाचं खातं चुकीच्या वयानं आधीच चालू असेल तर सेटिंगमध्ये जन्मतारीख दुरुस्त करता येते. मात्र खरं वय १३ च्या खाली निघालं तर खातं बंद होतं. मुलाला हे आधी सांगा. त्याचे तीनशे फॉलोअर्स जाणार आहेत आणि ते त्याला तुमच्या बोनसइतके खरे वाटतात. ‘त्यात काय एवढं’ म्हटलंत की पुढच्या वेळी तो दुसरं खातं काढेल, या वेळी तुम्हाला न सांगता. मुलांचं दुसरं, गुपचूप खातं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

खेळांकडे येऊ, कारण या पट्ट्यात पालकांच्या मनात भीती बसली ती खेळामुळेच. जुलै २०२४ मध्ये आकुर्डीपासून जवळच, रावेतला लागून असलेल्या किवळ्यात, दहावीत शिकणाऱ्या एका मुलानं जीव दिला. कागदांवर गेममधल्या चालींसारखी रेखाटनं सापडली, लॅपटॉपचा पासवर्ड घरच्यांना माहीत नव्हता, आणि मुलगा गेल्या काही महिन्यांत बदलला होता, एकटा राहायला लागला होता, असं आईनं सांगितलं. चार दिवस सगळी वाहिन्यांची मंडळी एकच प्रश्न विचारत होती: गेम कोणता?

हा प्रश्न आपण याआधीही विचारलेला आहे. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’नं महाराष्ट्राची झोप उडवली होती. मुंबईत अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. सोलापुरातून घर सोडून निघालेला एक मुलगा पोलिसांनी भिगवणला पुण्याच्या एसटीतून उतरवून घेतला. शाळांनी परिपत्रकं काढली, पालकांनी मुलांचे फोन उलटसुलट करून तो गेम शोधला. तो सापडणार नव्हता, कारण उतरवून घ्यावं असं ॲप म्हणून तो नव्हताच. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं, की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही ब्लू व्हेलचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

याचा अर्थ मुलांचं दुःख खोटं होतं असा नाही. अर्थ असा, की गेमचं नाव आपल्याला सोयीचं पडतं. नाव कळलं की बंदी घालता येते, आणि आपल्या घरात तो गेम नाही म्हणून निश्चिंत होता येतं. मन का खचलं याची कारणं एका नावात मावत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञही एका कारणावर बोट ठेवायला सहसा तयार होत नाहीत. तेव्हा गेमच्या नावापेक्षा मुलाकडे बघावं. झोपेची वेळ उलटी झाली आहे का, आवडतं खाणं-खेळणं सुटलंय का, मित्र येईनासे झालेत का, फोन उचलला की अंगावर येतो का, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलतो-लिहितो का. शेवटचं ऐकू आलं तर त्याला एकटं सोडू नये, सरळ आणि शांतपणे विचारावं. विचारल्यानं तसा विचार डोक्यात भरत नाही, मनावरचं ओझं हलकं व्हायलाच मदत होते. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतूनही; पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

खेळात मुरलेला दुसरा धोका पैशाचा, आणि तिथे पुन्हा तेच जन्मसाल आडवं येतं. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याच्या जागी बीजीएमआय आला, तोही एकदा दुकानातून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घेऊनच. वय २५ सांगितलेल्या मुलाला ती लागू नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी घातली. पण गेममधली हत्यारं, कपडे, डायमंड विकत घेणं हा जुगार धरलेला नाही, ते चालूच आहे. सातवीतल्या मुलाला यूपीआयचा पिन ठाऊक नसतो हा आपला गोड समज आहे. किराणा दुकानात आपण चार आकडे दाबतो तेव्हा तो आपल्या कोपराखालीच उभा असतो. पिन बदला, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय चालू करा, जोडलेलं कार्ड काढून टाका, आणि यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमांना पिन लागत नाही हे लक्षात असू द्या.

पैसे परत मिळवता येतात. ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण खरं तर लिहितो आहे ती पैशाची नाही.

तिचा क्रम ठरलेला असतो. गेममध्ये एक चांगला खेळाडू भेटतो, सोबत घेतो, जिंकून देतो. मग म्हणतो, इथे बोलता येत नाही, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे तो तिचं किंवा त्याचं गाऱ्हाणं ऐकतो. पप्पा ओरडले, मम्मीला वेळ नाही, गणितात कमी पडले. दुपारी तीन वाजता ऐकायला घरात दुसरं कोणी नसतं, हे त्याला कळलेलं असतं. मग एक फोटो मागतो. आणखी एक. मग सूर बदलतो: पैसे पाठव, नाहीतर आणखी फोटो पाठव, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना हे जातील. आता तर मुलानं फोटो पाठवायचीही गरज उरली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातला साधा फोटो घेऊन नग्न चित्र बनवून देणारी ॲप आली आहेत. जाळ्यात मुलगेही सापडतात, आणि ते मुलींपेक्षाही उशिरा बोलतात.

ते लगेच का सांगत नाहीत? धमकी देणाऱ्याची भीती असतेच. पण तेवढीच भीती आपली असते. मुलाला वाटतं, फोन जाईल. मुलीला वाटतं, फोन जाईल, क्लास बंद होईल, कदाचित गावी पाठवून देतील. बोलायला निघालेलं मूल आपल्या पहिल्या वाक्यावर थबकतं किंवा पुढे येतं. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे ते वाक्य असू नये. ‘बरं झालं सांगितलंस, चूक त्याची आहे, फोन काढून घेणार नाही’ हे असावं. हे आयत्या वेळी सुचत नाही, कारण त्या क्षणी हातपाय कापत असतात. म्हणून आधीच, काही झालेलं नसताना, मुलाला सांगून ठेवावं. जेवताना, स्कूटरवर, कुठेही. आणि मग ते पाळावं लागतं.

पुढचं काम हातघाईचं असतं. पैसे पाठवायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. त्या माणसाशी वाद घालायचा नाही. धमकीच्या चॅटचे, खात्याच्या नावाचे, नंबरचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. खातं आधीच पुसलं तर पुरावा जातो. मुलाचा तो फोटो मात्र कोणालाही पुढे पाठवायचा नाही, काकाला नाही, सोसायटीच्या ओळखीच्या वकिलालाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली मुलांचं अश्लील चित्र पाठवणं हा गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं चित्र नुसतं बाळगणंही गुन्ह्यात मोडू शकतं हे स्पष्ट केलं. काळजीपोटी फॉरवर्ड करणारे बाप यात अडकू शकतात.

फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे, अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची, पण ती जगभरातून वापरता येते. फोटो त्यांना द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या चित्राचा आकड्यांतला ठसा तयार होतो, तेवढाच ठसा इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि जुळणारं चित्र दिसलं की त्या ते काढतात. शिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनावट चित्राची तक्रार आल्यावर कंपनीला २४ तासांची मुदत घातली होती. तेव्हा ॲपमधलं रिपोर्टचं बटण दाबणं फुकट जात नाही.

पोलिसांत जायला आपल्याकडचे पालक कचरतात. नाव होईल, मुलीला ठाण्यात बसवतील, ही धास्ती. पिंपरी-चिंचवडला ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, सायबर पोलीस आहेत. पण दारापर्यंत जायच्या आधी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं काय दिलंय ते माहीत असावं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि जबाब घेताना गणवेश घालायचा नाही. मुलाची ओळख छापायला मनाई आहे. कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. आणि अशा गुन्ह्याची माहिती असूनही कळवलं नाही, तर तोही गुन्हा धरला जातो, मग ती शाळा असो की शेजारी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलांची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२. हे आकडे मुलाच्या फोनमध्येही असू द्या.

इतकं सगळं वाचल्यावर काही पालक मुलांचे सगळे मेसेज गुपचूप वाचणारी ॲप शोधू लागतात. ती बाजारात आहेत. माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. लहान मुलाच्या फोनवर बंधन घालणं आणि ते त्याला दाखवून घालणं ठीक; पंधरा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणींशी झालेल्या गप्पा चोरून वाचणं वेगळं. ते एक ना एक दिवस कळतं, आणि त्या दिवसापासून ती आपल्याला काही सांगत नाही. अर्थात जीवाला धोका दिसत असेल तर हा नियम मोडावा, आणि मोडल्याचं नंतर तिला सांगावं.

चोरून बघण्यापेक्षा शिकवणं स्वस्त पडतं, आणि शिकवायला खूप जागा आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या असर २०२४ पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. आदल्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं वापरली होती. पण समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारी सुमारे ६२ टक्के, पासवर्ड बदलता येणारी ५८ आणि खातं खासगी ठेवता येणारी ५५ टक्केच निघाली. आकडे गावांचे आहेत, पण आकुर्डी-चिखलीत मराठवाड्या-खानदेशातून आलेल्या घरांत चित्र फार निराळं असेल असं मानायला कारण नाही. या तीन गोष्टी अर्ध्या तासात शिकवता येतात. पालकाला येत नसतील तर मुलाबरोबर शिकाव्यात.

वेळेचं काय करायचं, यावर महाराष्ट्रात दोन गावांनी २०२२ मध्ये दोन वाटा धरल्या. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. वाजला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, थोरांचेही. यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबरमध्ये १८ वर्षांखालच्यांना मोबाइल बंदीचाच ठराव केला. मला वडगावची वाट पटते, कारण तिथे बापालाही फोन खाली ठेवावा लागतो. बान्सीच्या वाटेवर पोरं फोन लपवायला शिकतील अशी भीती वाटते.

पण भोंगा आकुर्डीत आणायचा तर तो किती वाजता वाजवायचा? सातला एक पाळी सुटून जेवते, दुसरी कामावर असते. इथे प्रत्येक घराला आपला तास शोधावा लागतो, आणि तो शिफ्टबरोबर दर आठवड्याला सरकतो. त्यापेक्षा जागा ठरवणं सोपं. रात्री सगळे फोन हॉलमध्ये एकाच बोर्डाला चार्जिंगला, बेडरूममध्ये कोणाचाच नाही. थर्डवरून आलेल्या बापाचाही तिथेच. अलार्मसाठी फोन लागतो ही सबब मुलं पहिल्याच दिवशी देतात. दोनशे रुपयांचं टेबलक्लॉक घ्यावं. दुपारच्या एकांतासाठी मात्र नियमापेक्षा माणूस उपयोगी: खालच्या मजल्यावरच्या काकू, आजी, अभ्यासिका, क्रिकेटचं मैदान. मी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा काकूंवर जास्त विश्वास ठेवतो.

आणि आपण स्वतः काय टाकतो तेही बघायला हवं. पिंपरी-चिंचवडमध्ये पाच वर्षांच्या मुलाच्याही वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागतो: पूर्ण नाव, फोटो, तारीख, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली. तोच फ्लेक्स मग स्टेटसला आणि फेसबुकवर जातो. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका जाते, पहिल्या दिवशी शाळेच्या गेटसमोरचा गणवेशातला फोटो जातो. ज्याला मुलाशी ओळख वाढवायची आहे त्याला नाव, शाळा, इयत्ता, घराचा परिसर आणि लाडाचं नाव इतकं सगळं आपणच पुरवलेलं असतं. ॲपला खोटं जन्मसाल आणि परक्याला खरा वाढदिवस, असा उलटा कारभार आपल्या घरांत चालतो. फोटो टाकायचाच असेल तर शाळेचा बिल्ला कापून टाका, मागची इमारतीची पाटी दिसत नाही ना ते बघा, फेसबुकवरची पोस्ट ओळखीच्यांपुरती ठेवा, आणि टाकण्याआधी मुलाला दाखवा. दहा-बारा वर्षांपुढची मुलं बहुतेक वेळा ‘मम्मी, नको ना’ म्हणतात. तेव्हा तो फोटो आपल्याच गॅलरीत राहू द्यावा.